दोन्या सेनोबिया आणि ताशी चोवीस मैल

दोन्या सेनोबियाची आणि माझी पहिली भेट सुरू झाली तेव्हा मी तरुण होतो. संपली तेव्हा माझी कानशिलं पिकायला लागली होती. मध्ये रस्ता फक्त सहा मैलांचा होता. मी तिच्या पांढऱ्या व्हॅनच्या मागे अडकलो होतो. निघालो तेव्हा दोन्ही बाजूंच्या बदामाच्या बागा नुकत्या फुलल्या होत्या. आमच्या अल्मेंद्रा गावाची पाटी दिसेपर्यंत बदाम झोडून, वाळवून पोत्यात भरले गेले होते. वाटेत एका कासवानं आम्हाला मागे टाकलं आणि जाताना कीव आल्यासारखं वळून पाहिलं.

शेवटी मी हॉर्न वाजवला. व्हॅननं शिस्तीत सिग्नल दिला, ती कडेला थांबली आणि तिच्यातून एक बुटकी, वेणीवाली बाई उतरली. तिनं माझ्या गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली, माझ्या अंगातला न्हाव्याचा कोट पाहिला आणि खिडकीतून केळीच्या पानात उकडलेला, मक्याच्या पिठाचा गरम तामाल माझ्या हातात ठेवला.

"भुकेनं माणूस असा चिडतो. खा. आणि मास्तर, तुमचा मागचा उजवा दिवा लागत नाही."

तामालचे पैसे तिनं घेतले. दिवा मी त्याच दिवशी बदलला.

सेनोबिया सीमेपलीकडच्या ओआहाकाच्या डोंगरातून आलेली; 'दोन्या' म्हणजे 'बाई', ते गावानं मानानं लावलेलं. आधी बदामाच्या शेडमध्ये निवडायला होती, मग पहाटे तामाले करून बागांतल्या मजुरांना विकायला लागली. कागदपत्रं नव्हती. कागदपत्रं नाहीत म्हणून लायसन्स नाही, आणि लायसन्स नाही म्हणून पोलिसानं अडवलं की गाडी उचलून महिनाभर पोलिसांच्या आवारात. असं तिचं तीनदा झालं होतं. तिसऱ्या वेळी व्हॅन परत आली ती आरसा गमावून. "चौथ्यांदा नेली की मी संपले," ती म्हणायची. बागांकडे बस जात नव्हती, आणि चाळीस किलोचं पातेलं डोक्यावर घेऊन अकरा मैल चालायचं तिचं वय नव्हतं.

त्यामुळे बावीस वर्षं ती खोऱ्यातली सगळ्यात कायदेशीर चालक होती, फक्त कायद्याला ते माहीत नव्हतं. मर्यादा पंचवीसची असली की ती चोवीसनं जायची. पंचावन्नची असली तरी चोवीसनंच जायची, उगीच कुणाचा गैरसमज नको. रोज निघण्याआधी दिव्यांची तपासणी व्हायची. एवढं करूनही रस्त्यावर पोलिसांची गाडी दिसलीच, तर शेवटचा उपाय होता: उजवीकडे सिग्नल, समोर येईल त्या आवारात व्हॅन, इंजिन बंद, आणि खाली उतरून पातेल्याचं झाकण उघडायचं. जणू ती तिथंच येत होती. हे तिच्या हाडात इतकं मुरलं होतं की डोकं मध्ये यायचंच नाही. चर्चच्या आवारात, दंतवैद्याच्या आवारात, एकदा तर एका लग्नाच्या मांडवात तिनं व्हॅन घातली होती. त्या लग्नात साठ तामाले खपले आणि नवरीच्या फोटोंत ती नातेवाईक म्हणून आहे.

मग आमच्याकडे तो वाद पेटला: कागदपत्रं नसलेल्यांना लायसन्स द्यायचं की नाही. माझ्या दुकानात दोन खुर्च्या. एकीत बाजूनं बोलणारा बसायचा, दुसरीत विरोधात. वस्तरा माझ्या हातात असल्यामुळे चर्चा सभ्य राहायची.

विरोधकांचा म्होरक्या होता हॉलिस ब्रँडवोल्ड. शाळेची बस एकतीस वर्षं चालवून निवृत्त झालेला, ताडमाड, आणि कान असे की वाऱ्याच्या दिवशी त्यानं घराबाहेर पडू नये.

"रांग मोडून आत आलेल्याला वर तिकीटही द्यायचं?" तो साबणातून म्हणायचा.

"तू तिचेच तामाले खातोस की रे," मी म्हणायचो.

"तामालांना मी कधी विरोध केलाय?"

राजधानीतून एक आमदारसाहेब लोकांचं म्हणणं ऐकायला आले, तेव्हा शाळेच्या व्यायामशाळेत सभा भरली. ब्रँडवोल्ड उठला. मनापासून बोलला, वाईट बोलला नाही. शेवटी म्हणाला, "मी या गावाची पोरं एकतीस वर्षं सुखरूप नेली. या लोकांना रस्त्याचे नियमच माहीत नाहीत, हो. एवढंच माझं दुखणं आहे."

सेनोबिया उभी राहिली. तिचं इंग्रजी तिच्या व्हॅनसारखं होतं, हळू, पण सगळे दिवे लागणारं.

"मिस्टर ब्रँडवोल्ड, मंगळवारी शेडपाशी तुम्ही सिग्नल न देता डावीकडे वळलात. गुरुवारीही. फादर, तुम्ही थांबण्याच्या पाटीपाशी थांबत नाही, नुसते हळू होता. आणि साहेबांची गाडी आत्ता बाहेर आग विझवायच्या नळासमोर, मनाईच्या जागी उभी आहे. हे मला माहीत असतं, कारण मला माहीत असावंच लागतं. तुम्ही चुकलात तर तुम्हाला दंडाची चिठ्ठी मिळते. मी चुकले तर माझी व्हॅन जाते."

फादरनी मान खाली घातली. साहेबांचा माणूस किल्ल्या घेऊन लगबगीनं बाहेर गेला. व्यायामशाळा आधी त्याच्या पाठीला हसली आणि मग टाळ्यांनी दणाणली. टाळ्या वाजवणाऱ्यांत ब्रँडवोल्डची बायको होती.

पुढे कायदा झाला. त्यासाठी राज्यभर हजारो माणसं कित्येक वर्षं झटली होती म्हणतात. अल्मेंद्रात मात्र तो सेनोबियानं केला असंच मानतात, आणि तिनं कधी नाकारलेलं नाही.

लेखी परीक्षा ती पहिल्या फटक्यात पास झाली. राहिली रस्त्यावरची. परीक्षक होत्या मिसेस बाकानी, हातात पाटी, चेहरा शवागारासारखा शांत. पहिल्या वेळी सगळं सुरेख चाललं होतं. दहाव्या मिनिटाला समोरून पोलिसांची गाडी आली. उजवीकडे सिग्नल, चाकं बदलायच्या दुकानाचं आवार, इंजिन बंद. मिसेस बाकानींनी खिडकीतून पाहिलं तर परीक्षार्थी बाहेर उभी राहून रिकाम्या पातेल्याचं झाकण उघडत होती.

"नापास," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या वेळीही तेच, फक्त आवार पोलीस चौकीचं निघालं.

तीनच संधी असतात. मग पुन्हा अर्ज, पुन्हा तारीख, पुन्हा कित्येक महिने. ती माझ्या दुकानात येऊन बसली. पहिल्यांदाच तिनं माझ्या दिव्यांबद्दल विचारलं नाही.

"मास्तर, मला येतं हो सगळं. पाय ऐकत नाहीत."

ब्रँडवोल्ड शेजारच्या खुर्चीत होता, अर्धा चेहरा साबणात. "दोनदा चौकीत नापास?"

"एकदाच चौकीत," ती म्हणाली. "हसा."

तो हसला नाही. एकतीस वर्षं बस चालवलेल्या माणसाला चालवता येणारं माणूस नापास झालेलं बघवत नसावं. त्याच्याकडे लिलावात घेतलेली पोलिसांची एक जुनी गाडी होती, पांढरी दारं, काळं बाकी सगळं. वरचे दिवे काढलेले होते, तरी ती आरशात दिसली की लोकांचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा.

"उद्या चार वाजता," तो म्हणाला. "मी मागे राहीन. मी अजूनही विरोधातच आहे, हे लक्षात ठेवा."

"मीही तुमच्या डावीकडच्या वळणाच्या विरोधातच आहे."

पुढचे तीन आठवडे अल्मेंद्रानं रोज चार वाजता ही मिरवणूक पाहिली: पुढे चोवीसच्या गतीनं व्हॅन, मागे चोवीसच्या गतीनं ब्रँडवोल्ड. पहिल्या दिवशी ती सात आवारांत शिरली. दुसऱ्या आठवड्यात दोन. एकदा ब्रँडवोल्डच्याच अंगणात, तेव्हा त्याच्या बायकोनं दोघांना कॉफी दिली. शेवटच्या शुक्रवारी ती सरळ गेली, गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि ब्रँडवोल्डनं डावीकडे वळताना सिग्नल दिला.

तिसऱ्या परीक्षेला मी आणि ब्रँडवोल्ड कार्यालयाबाहेरच्या बाकावर बसलो होतो. व्हॅन परत आली तेव्हा तिच्या मागे खरीखुरी पोलिसांची गाडी होती. ब्रँडवोल्डनं माझा दंड इतका दाबला की मला दोन दिवस वस्तरा धरता आला नाही. व्हॅननं सिग्नल दिला, रेषांच्या मधोमध उभी राहिली. पोलिसांची गाडी पुढे निघून गेली. मिसेस बाकानी उतरल्या.

"दोन मैल आमच्या मागेच होता तो," त्या म्हणाल्या. "मला घाम फुटला. हिला नाही." आणि त्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. ब्रँडवोल्ड म्हणतो ते हसू होतं.

लायसन्स टपालानं आलं त्या दिवशी सेनोबियानं ते तासभर टेबलावर ठेवून पाहिलं, मग पोलीस चौकीसमोरून तीन फेऱ्या मारल्या. कुणी अडवलं नाही. दुसऱ्या दिवशी पाच. तरीही नाही. बावीस वर्षं जिला अडवलं जाण्याची चिंता होती, तिला आता अडवून घ्यायची घाई झाली होती. आठव्या दिवशी तिनं चौकीसमोर व्हॅन लावली, बाहेर सिगारेट ओढणाऱ्या तरुण पोलिसापाशी गेली आणि म्हणाली, "मला लायसन्स विचारा."

"का? काय केलंत?"

"काही नाही. विचारा."

"मावशी, लायसन्स दाखवा," तो म्हणाला.

तिनं दाखवलं. त्यानं दोन्ही बाजूंनी नीट पाहिलं, व्हॅनभोवती एक फेरी मारली, सगळे दिवे तपासले. सगळे लागत होते. "फोटो छान आलाय," तो म्हणाला आणि दोन्ही हातांनी परत दिलं. चौकीसमोरच्या माझ्या दुकानाच्या दारात आठ गिऱ्हाईकं उभी होती, त्यांतली दोन अर्धी दाढी झालेली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सेनोबियानं पातेल्याचं झाकण उघडलं आणि आयुष्यात पहिल्यांदा तामाले फुकट वाटले.

पुढच्या मार्चमध्ये व्हॅनचा गिअरबॉक्स गेला. दुरुस्त होण्यासारखा नव्हता. आता ती माझ्या दुकानासमोर बसून विकते आणि लायसन्स खिशात घालून घरून चालत येते.