आजीला स्वप्न करायचं नाही

भुताखेतांविरुद्ध पत्रकं वाटणारी मुलगी भुताची गोष्ट भाषांतरित करते, म्हणून आमच्या अंधश्रद्धाविरोधी संघटनेत माझी भरपूर टर उडाली. उडवा. मी अंधेरी स्टेशनबाहेर गंडेदोरे विकणाऱ्या बाबांविरुद्ध घसा फोडते आणि घरी येऊन भयकथा वाचते. भीती विकणारा बाबा वेगळा आणि भीतीतून खरं सांगणारी लेखिका वेगळी. एवढंही कळत नसेल, तर चळवळीची वाट लागलीच म्हणायची.

ही लेखिका अमेरिकेतली, काळी, दक्षिणेकडच्या समुद्रकाठच्या बेटावर वाढलेली. तिचे लोक गला-गीची, म्हणजे भातशेतीसाठी आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्यांचे वंशज. त्यांची बोली त्यांची स्वतःची, पण शाळेत तिला मोडकं इंग्रजी म्हणून हिणवलं गेलं. पुढे जमिनी गेल्या, रिसॉर्टं आली. या बाईची भुतं तिथून येतात.

संघटनेच्या दिवाळी अंकासाठी मी तिच्याकडे एक कथा मागितली. तिने आनंदाने दिली. अट एकच: कथेतली मेलेली आजी मेलेलीच राहू दे, तिला कुणाचं स्वप्न करू नका. मी शब्द दिला.

कथेतलं जुनं कब्रस्तान रिसॉर्टच्या कुंपणात गेलंय. आजीला नवऱ्याशेजारी पुरायचं, तर प्रेत आत सोडत नाहीत. मग ती भूत होऊन रोज फाटकावर येते, आणि आमच्या नाहूरच्या टॉवरखाली विचारतात तसं वॉचमन विचारतो, कोणाला भेटायचंय? इकडे नातीच्या ओटीचं छत निळं रंगवलेलं. भुतांना पाणी ओलांडता येत नाही, आणि निळं छत त्यांना पाणीच वाटतं. शेवटी नात शिडी लावून तो रंग खरवडून काढते. आजीला घरात येता यावं म्हणून.

आमचे संपादक काका मुलुंडचे निवृत्त मास्तर. मूळ गाव मालवणकडे, पण बोलणं छापल्यासारखं. त्यांनी शेवटी एक ओळ जोडली: नात दचकून जागी झाली.

मी म्हटलं, "म्हणजे रिसॉर्टचा बिल्डरपण स्वप्नातलाच का, काका?"

"पत्रकासारखी बोलू नकोस गं. आपल्या अंकाची एक भूमिका आहे."

मग कथाच काढा, असं मी सांगून टाकलं. पानं सोमवारी छापखान्यात जायची होती. ते म्हणाले, आधी प्रुफं तर वाचू.

आमच्याकडे प्रुफं दोघांनी तपासायची पद्धत आहे. एकाने स्वल्पविरामासकट मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने मूळ प्रतीवर बोट फिरवायचं. रविवारी सकाळी त्यांच्या हॉलमध्ये बसलो. मी घुश्शात, काका त्याहून. ते वाचू लागले, "अवतरण चालू, कोणाला भेटायचंय, प्रश्नचिन्ह, अवतरण पूर्ण." पुढे आजीचं वाक्य होतं, नवऱ्याबद्दलचं. तिचं सगळं बोलणं मी आईला विचारून मालवणीत केलं होतं.

"माज्या घोवाक भेटूचा आसा. तो हयच निजलो हा."

काकांनी ना अवतरण म्हटलं, ना पूर्णविराम. आवाज खाली गेला, जरा खरखरीत झाला, शब्द लांबले. ते थांबलेही नाहीत. आजीचं अख्खं पान त्यांनी तसंच वाचलं आणि माझं बोट कुठल्या ओळीवर आहे हे मीच विसरले.

काकू हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "गावचं कोण आलंय?"

काकांनी चष्मा काढला. "आजी," म्हणाले.

काकू खोलीभर बघत राहिल्या. मी हसू दाबलं. काकांनी पेन्सिल उचलून स्वतःच जोडलेली शेवटची ओळ खोडली, माझ्याकडे न बघता. "पण गंडेदोरेवाल्या बाबांवरचा तुझा लेख याच अंकात हवा. आजच."

"लिहून झालाय, काका."

"मग मघापासून भांडत कशाला बसलीस?"

काकूंनी पोहे आणले. काका पुढे वाचत राहिले. नात बोलली की सगळी चिन्हं यायची, आजी बोलली की एकही नाही. छापलेल्या अंकात तीन स्वल्पविराम चुकले, तिन्ही आजीच्या तोंडचे. एरवी एका चुकीवर महिनाभर कुरकुरणारे काका या वेळी त्या चुकांसकट अंक वाटत फिरले. अंकाची एक प्रत मी लेखिकेला बेटावर पाठवून दिली.