पोचलं, असं मी सांगितलं

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीलाही नाही. गोष्ट तशी एवढीशी — एका मेलची. ऐकून हसू आलं तर हसा. मला अजून रडूच येतं.

मालवणात माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. शिवाय मी एक मेल-ग्रुप सांभाळते — मालवणी शब्द जमवणाऱ्यांचा. कोणी कुवेतला, कोणी ठाण्यात, कोणी सावंतवाडीत. एकाने लिहिलं की सगळ्यांना जातं. देवबागचे एक निवृत्त गुरुजी त्यात सगळ्यांत हौशी. वाऱ्यांची, माशांची, होडीच्या भागांची नावं एका बोटाने टाइप करून पाठवायचे. घरी ते आणि त्यांच्या पत्नी, म्हणजे काकी, दोघंच. शाळा सुटल्यापासून त्यांची बोलायची जागा ही एवढीच होती. हे मला माहीत होतं — नीट माहीत होतं.

काकींच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी त्यांना मुंबईला जायचं होतं. त्याआधी एसटीने दुकानात आले.

"पंधरा दिवस मुंबैक जातंय. मधी कोणी लिवल्यान, तर गुरुजी उत्तर देणत नाय असा तेका वाटाक नको. पत्राक उत्तर देवक नाय म्हणजे दारात इलेल्याक पाणी इचारूक नाय, गो."

मी त्यांच्या मेलवर आपोआप जाणारं उत्तर लावून दिलं. 'मी बाहेरगावी आहे. आपल्या पत्राला सवडीने उत्तर देईन.' खाली एक चौकोन होता — फक्त थेट मला लिहिणाऱ्यांनाच पाठवा. त्यावर खूण करायची राहिली. काउंटरवर अ‍ॅडमिशनच्या फॉर्मवाल्यांची झुंबड होती… पण हे कारण झालं. राहिली, एवढंच खरं.

मग ग्रुपवर कोणी काही लिहिलं, की गुरुजींचं ते उत्तर सगळ्यांना. ठाण्याच्या एका सभासदानेही तसलंच उत्तर लावलेलं. झालं — दोन यंत्रं दिवसभर एकमेकांना आपण बाहेरगावी असल्याचं कळवत बसली, आणि सगळ्यांच्या मेलपेट्या भरल्या. त्यातच कुवेतच्या सभासदाने आई गेल्याचं कळवलं. त्याच्या खाली लगेच — सवडीने उत्तर देईन.

लोक भडकले. शिक्षक म्हणवतात आणि ग्रुपात वागायची एवढी रीत नाही? आई गेलेल्या माणसाला हे उत्तर?

मला त्याच क्षणी कळलं होतं. 'चूक गुरुजींची नाही, माझी आहे' — एक ओळ पुरली असती. मी काय लिहिलं असेल? 'स्वयंचलित उत्तर लावताना सभासदांनी काळजी घ्यावी. संबंधितांवर कारवाई केली आहे.' कारवाई! म्हणजे गुरुजींचे मेल यापुढे आधी माझ्याकडे थांबणार, मी सोडले तरच पुढे जाणार. ठाणेकरांवर नाही हं, फक्त गुरुजींवर. कॉम्प्युटरवाली म्हणून माझं नाव होतं ना ग्रुपात — ते राखलं, आणि मी नामानिराळी झाले.

परत आल्यावर गुरुजींनी सगळं वाचलं आणि ग्रुपला मेल लिहिला. विषय — 'दिलगिरी'. तो माझ्याकडे येऊन थांबला. मी उघडलासुद्धा नाही. चोराच्या मनात चांदणं — उत्तर कोणी लावून दिलं ते त्यात असणार, अशी माझी खात्रीच झाली होती.

आठवड्याने ते दुकानात आले. मला एका शब्दाने बोलले नाहीत. फक्त विचारलं, "माझा पत्र पोचला मा, गो? सगळ्यांक?"

मी म्हटलं, "पोचलं, गुरुजी."

का म्हटलं असं? नंतर सोडू, असं मनात होतं का? नव्हतं. तेव्हा फक्त ते समोरून जायला हवे होते.

त्यानंतर आणखी दोनदा आले, तेच विचारायला. दोन्ही वेळा मी पोचलं म्हटलं. म्हणजे सगळ्यांनी आपली माफी वाचली आणि एकानेही उत्तर दिलं नाही, असं त्या माणसाने धरून चालायचं! बाकीच्यांचे मेल त्यांना मिळतच होते — शब्दांवर गप्पा, थट्टा, आणि त्यांचं नावही नाही. इकडे लोक मला लिहीत, गुरुजींना एवढा कसला ताठा, साधी माफी मागवत नाही? त्यावरही मी गप्प. मग गुरुजींचं लिहिणं थांबलं. दुकानात येणंही थांबलं.

वर्षाने ते गेले. बातमी कळली त्या सकाळी मी तो मेल उघडला.

'आपणा सर्वांना झालेल्या त्रासाबद्दल मनापासून क्षमा मागतो. कुवेतच्या बंधूंची विशेष. मोबाईलवर मीच काहीतरी भलतं दाबलं असणार. यात दुसऱ्या कोणाचीही चूक नाही. दोन ओळींचं का होईना, उत्तर द्यावं.'

दुसऱ्या कोणाचीही नाही. त्यांना ठाऊक होतं की नव्हतं? मला वाटतं, होतं.

मी तो मेल कागदावर काढला आणि बाराव्याला देवबागला घेऊन गेले. काकींच्या हातात द्यायचा आणि सगळं सांगून टाकायचं, असं ठरवलं होतं. काकी खुर्चीत बसल्या होत्या. मला बघून माझा हातच धरला.

"सकाळी उठले काय मोबाईल बघीत रवायचे गो. एक तरी उत्तर येतला म्हणायचे. तेंचा ता पत्र सगळ्यांक पोचला होता मा?"

पर्समधल्या कागदाला माझी बोटं लागली होती.

मी म्हटलं, "पोचलं होतं, काकी."

त्यांनी मान हलवली, आणि दिवसकार्यासाठी आलेल्या सुनेला मला पाणी द्यायला सांगितलं.

कागद अजून माझ्याकडे आहे. काकी देवबागलाच असतात. एसटीने अर्धा-पाऊण तास लागतो. मी पुन्हा गेलेले नाही.