चेनीत अडकलेली चिंधी

नाशिकच्या शालिमार चौकात फुटपाथवर बॅगांच्या चेन दुरुस्त करणारी मालनबाई आमची शेजारीण. तिला कुणी 'बिचारी' म्हटलेलं मुळीच खपत नाही. गेल्या वर्षी तिच्या स्तनात गाठ निघाली, तेव्हा अख्खी कॉलनी 'बिचारी, बिचारी' करत दारात आली. तिनं सगळ्यांना चहा पाजला आणि वाटेला लावलं. "रडायचं असंल तर आपापल्या घरी रडा," म्हणाली.

पहिल्या केमोला मी सोबत होते. नर्स लालभडक औषध घेऊन आली तशी मालनबाईनं हात मागे घेतला. "हे आत जाऊन काय करतं ते आधी सांगा, मग टोचा." नर्स वैतागली. पण डॉक्टर मनाली समंजस बाई. त्यांनी मालनबाईच्या मांडीवरच्या पिशवीचीच चेन धरली.

"मावशी, प्रत्येक पेशीत डीएनए असतो. दोन पट्ट्या एकमेकींत बसलेल्या, या चेनसारख्या. एका पेशीच्या दोन व्हायच्या तर आधी ही चेन उघडावी लागते. या औषधाचा रेणू चपटा आणि अगदी बारका. तो दातांच्या मधल्या फटीत घुसून बसतो."

"म्हणजे चेनीत चिंधी अडकली."

"बरोबर. मग चेन धड चालत नाही आणि पेशी मरते. गाठीतल्या पेशींना वाढायची घाई, म्हणून त्या जास्त मरतात. केसांच्या मुळांनाही घाई असते, म्हणून केसही जातात. नेमका रोगाच्याच जागी अडकेल असा रेणू शोधायचं काम जगभर चाललंय."

"शोधा बापडे. तोवर हेच लावा," म्हणत तिनं हात पुढे केला.

केस गेले. ती तशीच बोडक्या डोक्यानं फुटपाथवर बसायची. गिऱ्हाईक टक लावून बघू लागलं की म्हणायची, "डोकं काय बघता? चेन दाखवा."

तिच्या लेकीचं, पायलचं लग्न देवळ्याच्या धम्मपालशी ठरलं होतं. मालनबाईचा धाकटा दीर झुंबर याच्या तोंडात तीळ भिजत नाही. त्यानं तिकडे फोनवर सांगितलं, 'औषध डीएनएत बसतं.' देवळ्याला पोचेपर्यंत त्याचं झालं, 'रोग डीएनएत बसलाय.' आपल्याकडे डीएनए म्हणजे बाप कोण ते ठरवायची टीव्हीवरची तपासणी. म्हणजे रक्त, म्हणजे खानदान. झालं! धम्मपालची आई अंबूबाई पुढच्याच रविवारी नाशकात हजर.

"विहीणबाई, तुमच्या डीएनएतच रोग हाय म्हणं. मंग पोरीतबी उतरंल ना?"

"औषध बसतं हो, औषध! वारशानं येतो तो प्रकार येगळा. माझी ती तपासणी झाली, त्यात काय निघालं नाय. अन् निघालं असतं तरी माझी पोर काय सडका कांदा हाय का, बाजूला काढून टाकायला?"

कांद्याच्या गावची बाई, तिला ते बरोबर झोंबलं. मग तिनं दुसरं काढलं. लग्नाच्या आठवड्यातला डोस घ्यायचा नाही. घेतला तर मालनबाई गळून जाणार, तोंड काळवंडणार, पाहुण्यांत शोभा होणार. शिवाय डोक्याला केसांचा टोप हवा. नाहीतर आम्हाला विचार करावा लागंल, असं शेवटी सुनावलंच.

"वहिनी, एक डोस पुढं ढकला," झुंबरनं री ओढली. "लग्न मोडंल."

पायलच्या डोळ्यांत पाणी आलं. मालनबाईलाही भीती वाटली असणार. तिचा हात पदराशी चाळा करत होता. पण आवाज काही खाली आला नाही. "एक डोस चुकला की आतल्या चेनी परत उघडायला लागतील. पोरीला सासरी पाठवू आन् तिचं बाळ बघायला मीच नको? डोस व्हईल. लग्नबी व्हईल. ज्याला यायचं त्यानं यावं."

अंबूबाई चहा न घेता गेल्या. रात्री धम्मपालचा पायलला फोन आला, ठरल्या तारखेला येतोय म्हणून. मला तो पोरगा त्या दिवसापासून आवडतो.

लग्नाला मालनबाई पहिल्या रांगेत. पांढरी साडी, उघडं डोकं. त्याच आठवड्यात डोस झालेला, अंगात त्राण नव्हतं, खुर्चीचा हात घट्ट धरलेला. स्टेजवर भन्तेजी नवरीची वाट बघत होते, आणि नवरीची पांढरी साडी अंबूबाईंच्या नव्या बॅगेत. बॅगेची चेन अडकलेली. दोघा-तिघांनी ओढली, तशी आणखीच रुतली. कुणीतरी म्हणालं, बॅग कापा.

"खबरदार!" मालनबाई उठली. सगळा मांडव बघत असताना ती भुईवर बसली. साडीचा काठ चेनीच्या दातांत गेला होता. तिनं रनर थोडा मागे घेतला, काठ बोटांनी हळूच मोकळा केला आणि बॅग उघडून दिली. साडीला साधी सुरकुतीही पडली नव्हती.

अंबूबाई काही बोलायच्या आत तिनं त्यांचा हात धरून चेनीवर ठेवला.

"विहीणबाई, बघा. माझ्या गाठीतबी अशीच चिंधी घातलीय. तुमची काढून दिली. माझी मात्र नाय काढू देणार."