मशिदीमागच्या गल्लीच्या चिठ्ठ्या

नेकनूरच्या गहिनीनाथनानांना पक्षानं चाळीस वर्षांत काय दिलं, असं कुणी विचारलं की त्यांची बायको वच्छलाबाई चुलीपुढूनच उत्तर द्यायची, "दोन गमजे आन् एक बिल्ला." आणि ते खरंच होतं. नाना कधी सरपंच झाले नाहीत, सोसायटीवर गेले नाहीत. सतरंज्या उचलण्यातच जन्म गेला म्हणा ना! पण मतदार यादी त्यांना तोंडपाठ. कुणाच्या घरात किती मतं, कोण ऊसतोडीला गेलंय आणि कोण मतदानाला परत येणार, कुठल्या सुनेचं नाव अजून माहेरीच आहे, हे तलाठ्यापेक्षा त्यांना जास्त ठाऊक. या कामात त्यांचा जोडीदार एकच, विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देणारा नबी मिस्त्री.

दोघांना एक शिस्त लावून दिली होती ती तालुक्याच्या धोंडीरामअण्णांनी. मतदानाच्या आधी घरोघर चिठ्ठ्या वाटायच्या असतात. मतदाराचं नाव, यादीतला नंबर, मतदान कुठल्या शाळेत, हे सगळं त्यावर लिहिलेलं असतं. अण्णांनी ठरवून दिलं, की मारुतीच्या आळीत नबी वाटेल आणि मशिदीमागच्या गल्लीत गहिनीनाथ. "सवताच्या गल्लीत कुणीबी वाटतंय," अण्णा म्हणाले, "दुसऱ्याच्या दारात च्या पिऊन आलात, तर त्याला पक्ष म्हणायचं."

तेव्हापासून तसंच चाललं. नबीची बायको हजराबी पहिल्याच दाराला आलं ठेचलेला चहा द्यायची, मग नाना पुढं निघायचे. इकडे मारुतीच्या आळीत पहिलं दार वच्छलाबाईचं. उगाच कशाला लपवा, पहिल्या निवडणुकीला तिनं नबीचा कप वेगळा काढून ठेवला होता. तिसऱ्या निवडणुकीला तो कुठला होता ते तिचं तिलाच आठवेना. पक्ष मोठा होतो तो असा, भाषणांनी नाही. पण हे कळायला डोकं लागतं, आणि ते अण्णांबरोबरच गेलं.

अण्णा गेले आणि अंगदभाऊ आले. माणूस बोलायला लागला की सभा उठून उभी राहायची. तो दोनच गोष्टी बोलायचा, आपण कोण आणि ते कोण. पोरं वेडी झाली. जिथं पक्षाला शंभर माणूस गोळा करताना नाकी नऊ यायचे, तिथं रस्त्यावर गाड्या मावेनात. नानांना त्याचं बोलणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा खटकलं होतं. पण गर्दी बघून तेही सुखावले. खोटं कशाला बोलायचं?

मग तालुक्याच्या सभेत एक गोष्ट घडली. नाना नेहमीसारखे मागं सतरंजीच्या टोकाला उभे होते. अंगदभाऊंनी माइकवरून नाव घेतलं, "नेकनूरचे गहिनीनाथनाना कुठं हायत? नाना, तुमी खाली कावून? वर या!" चाळीस वर्षांत पहिल्यांदा नाना व्यासपीठावर चढले. गळ्यात हार पडला. अंगदभाऊंनी वाकून पाया पडल्यासारखं केलं आणि खांद्यावर हात टाकून फोटो काढला. खाली उतरताना नानांना पायऱ्या दिसेनात.

चारच दिवसांनी चिठ्ठ्यांचे गठ्ठे आले आणि सोबत अंगदभाऊंचा फोन. "नाना, मशिदीमागची गल्ली सोडून द्या. तिथं वाटू नका."

"अहो भाऊ, दोनशेच्या वर मतं हायती. अन् आपलीच हायती."

"मला नकोत. मला त्येंची मतं नकोत हे लोकांना दिसलं ना, तर इकडची दुप्पट पडतेत. गणित हाय, नाना. तुमच्या शब्दाबाहेर आमी न्हाई, पण एवढं ऐका."

नानांनी ऐकलं. त्यातली खरी वाईट गोष्ट पुढं आहे. मारुतीच्या आळीचा गठ्ठा त्यांनी नेहमीसारखा नबीच्या हातात दिला. नबीला काही माहीत नव्हतं. त्याचा एक गुडघा सुजलेला, तरी तो दोन दिवस उन्हात फिरला, एक घर सोडलं नाही. पक्षाला नको असलेला माणूस पक्षाची मतं गोळा करत हिंडत होता आणि नाना ओसरीवर बसून बघत होते. त्यांचा स्वतःचा गठ्ठा धोतराच्या फडक्यात बांधून लोखंडी पेटीत गेला होता.

तिसऱ्या दिवशी नबीची नात उज्मा ओसरीपाशी आली. अठरा नुकतीच पूर्ण झालेली, हातात नवंकोरं मतदान कार्ड. "नाना, माझी चिठ्ठी? माझं पैलंच मतदान हाय."

"आल्या न्हाईत बाई अजून. वरूनच न्हाई आल्या."

वच्छलाबाई दारात तांदूळ निवडत होती. तिनं नवऱ्याकडं एकदा बघितलं आणि सूप उचलून आत गेली.

मतदानाच्या दिवशी उज्मा उर्दू शाळेत रांगेत उभी राहिली, कारण तिच्या घरचे सगळे तिथंच मतदान करत आले होते. नंबर लागला तेव्हा तिला सांगितलं, नाव यादीत नाही. पोरगी तशीच परत आली. हे नानांच्या कानावर संध्याकाळी आलं. पेटी उघडून तिची चिठ्ठी बघावी, नाव कुठं होतं ते तरी कळेल, असं त्यांना वाटलं. पण हात धजला नाही. त्या वर्षीची नव्या नावांची यादीही त्यांनी उघडून पाहिली नव्हती, एवढी यादी तोंडपाठ असलेल्या माणसानं.

अंगदभाऊ निवडून आले. मिरवणूक मशिदीमागच्या गल्लीच्या तोंडाशी आली आणि तिथंच अर्धा तास थांबली, ढोल फुटेस्तोवर वाजले. नाना गुलालात माखून मध्ये उभे होते. नबीच्या दुकानाचं शटर खाली होतं.

पुढची सहा वर्षं कशी गेली ते फार सांगण्यासारखं नाही. अंगदभाऊंमागच्या पोरांना नबी नको होता, त्यामुळे तो आपसूक बाजूला झाला. रस्त्यात भेटला तर नेहमीसारखाच हसायचा, "गैनी, बरा हायस का?" नानाच कडेकडेनं निघून जायचे. खाई त्याला खवखवे. बीडला जायचं असलं तरी नबीच्या दुकानापुढच्या थांब्यावर बस न पकडता नाना पुढं चालत जाऊन पकडायचे.

आणि मग एका दुपारी अंगदभाऊ दुसऱ्या पक्षात गेले. गाड्या त्याच, पोरं तीच, घोषणा त्याच, फक्त गमजाचा रंग बदलला. तालुक्याच्या कचेरीतल्या खुर्च्यासुद्धा घेऊन गेले. अंगदसाठी आलेले अंगदबरोबर गेले आणि अंगदसाठी ज्यांना हाकललं होतं ते परत यायला कोण त्यांच्या घरी निरोप पाठवणार? तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं. नेकनूरमध्ये पक्ष म्हणून उरले ते गहिनीनाथनाना आणि फडताळातले जुने झेंडे.

लांबता लांबता जिल्हा परिषदेची निवडणूक एकदाची लागली. तालुकाध्यक्षपद दुसरं कुणी घेईना म्हणून राधाकिशनच्या गळ्यात पडलं होतं. त्याचा नानांना फोन आला. "नाना, मतदान केंद्राबाहेर टेबल तरी लागलं पायजे. टेबल दिसलं न्हाई तर पक्ष मेला म्हणतेल. नबी मिस्त्रीला आणा. ते बसले तर ती गल्ली इचार करंल."

नाना सदरा घालून निघाले. वच्छलाबाईनं वाट अडवली. तिच्या हातात ते फडक्यातलं गाठोडं होतं.

"जायाचं तर हे घिऊन जावा. न्हाईतर जाऊ नका."

"आगं, आत्ता कशाला? टेबल होऊ दे, मग सांगतो."

"सा वर्षं झाली. मी तुमच्यासंगं सा वर्षं हे पेटीत सांभाळलंय. आता माझ्याच्यानं व्हत न्हाई." तिनं गाठोडं त्यांच्या पिशवीत कोंबलं.

नबी दुकानात तांब्याच्या तारेचे वेढे मोजत बसला होता. नानांना बघून उठलाच. "आरं गैनी! ये ये. बस हितं." स्टूल पुसलं. नानांनी चाचरत टेबलाचं सांगितलं. वाटलं होतं, आढेवेढे घेईल, जुनं काढेल. नबी म्हणाला, "बसतो की. कवा?"

नाना स्टुलाच्या कडेवर टेकले.

"तौसीफ म्हणंल नको," नबी सांगू लागला, "पोरगा सा वर्षं माझ्याशी ह्याच्यावरून भांडतोय. म्हणतो, तुमच्या त्या नानानं चिठ्ठ्या दाबल्या. गल्लीत समदे म्हणतेत. मी म्हणलं, तोंड सांभाळ. गैनी असलं करणार न्हाई. वरून आल्याच न्हाईत त्याच्याकडं, त्यानं उज्माला सवता सांगितलं. मशिदीत उभं राहून सांगितलं मी, माझ्या जबानीवर. तू आलास, बरं झालं. आता दोघं मिळून गल्लीत जाऊ."

नानांचा हात पिशवीत गाठोड्यावर होता. गप्प बसले असते तर काम झालं होतं. टेबल लागलं असतं, गल्लीनं नबीच्या शब्दावर विचार केला असता, पक्ष पुन्हा उभा राहिला असता. सगळा जन्म ज्याच्यासाठी घातला ते सगळं एका गप्प बसण्यावर आलं होतं. पण पुन्हा नबीच्याच पायांनी चालायचं, पुन्हा त्याला न सांगता? नानांना स्वतःची शिसारी आली. त्यांनी गाठोडं काढून तारेच्या वेढ्यांवर ठेवलं.

"हे काय?"

"सोड."

नबीनं गाठ सोडली. वरची चिठ्ठी वाचली, दुसरी वाचली. मग सावकाश सगळी चळत चाळत गेला आणि मधली एक काढून बाजूला ठेवली. उज्माची.

"कावून, गैनी?"

नानांनी सहा वर्षांत बरीच उत्तरं तयार केली होती. वरचा हुकूम, पक्षाची शिस्त, वाऱ्याची दिशा. त्यातलं एकही त्यांनी वापरलं नाही.

"त्यानं मला स्टेजवर बोलावलं व्हतं."

"एवढंच?"

"एवढंच."

नबीनं हातातला तारेचा वेढा गुंडाळून बाजूला ठेवला. मग चिठ्ठ्या, उज्माचीसुद्धा, परत फडक्यात बांधून त्यानं नानांच्या मांडीवर ठेवल्या. "टेबलावर आता मी बसत न्हाई. पक्षावर राग न्हाई माझा. पर मी कंच्या तोंडानं कुणाच्या दारात जाऊ? माझी जबान तू खर्चून बसलास." आणि गाठोड्याकडं हात करून म्हणाला, "ह्या तेवढ्या वाट. ती गल्ली तुझी हाय."

वरातीमागून घोडं ते, पण नाना निघाले. शेवटच्या घरापासून सुरुवात केली, कारण पहिल्या घराची हिंमत नव्हती. प्रत्येक दारात तेच वाक्य म्हणायचे, "सा वर्षांमागच्या हायत. मीच दाबल्या व्हत्या." कुणी दार लावून घेतलं. कुणी हसलं. फळवाल्या तन्वीरनं बापाच्या नावाची चिठ्ठी घेतली आणि म्हणाला, "अब्बा तर गेले आता." चहाचं कुणीच विचारलं नाही.

शेवटी हजराबीचं दार आलं. तिला बातमी आधीच पोचली होती. तिनं उज्माची चिठ्ठी हातात घेतली, उलटसुलट केली. हजराबीला वाचता येत नव्हतं. उज्माला तेलगावला देऊन चार वर्षं झाली होती आणि तिचं नावही आता तिकडच्या यादीत होतं. नेकनूरला तिनं मत दिलं नाही ते नाहीच.

"काय लिवलंय, वाचून दावा."

नानांनी चिठ्ठी घेऊन चष्मा लावला. "उज्मा तौसीफ शेख. वय अठरा." पुढची ओळ ते आज पहिल्यांदाच वाचत होते. "मतदान केंद्र, जिल्हा परिषद शाळा. खोली नंबर दोन."

"जिल्हा परिषद शाळा?" हजराबी म्हणाली. "पोरगी उर्दू शाळेत तीन घंटे उन्हात उभी व्हती. तिथून ही शाळा दिसती की वो, नाना."

नानांनी चिठ्ठी परत तिच्यापुढं धरली.

"तिला एवढंच सांगायचं व्हतं," हजराबी म्हणाली. "खोली नंबर दोन."