डेल्मरची खुर्ची

हॅरो क्रीकमध्ये मतदानाच्या दिवशी चर्चच्या तळघरात टेबल मांडलं जाई. त्याच्या उजव्या अंगाला व्हर्नाबाई कुचेरा सव्वीस वर्षं बसल्या. डाव्या अंगाला डेल्मर रास्क. टेबलावर दोन्ही पक्षांचं एकेक माणूस हवंच, असा काउंटीचा नियम. मतपेटीला साधं कुलूप लावायचं तरी दोघांचे हात लागत. पक्षांच्या चिन्हांवरून व्हर्नाबाई हत्तीवाल्या, डेल्मर गाढववाला. नेब्रास्काच्या त्या माळावर बाकी सगळे हत्तीवालेच, म्हणून डेल्मरकडे लोक जरा कीव आल्यासारखे बघत.

टेबलासमोर येणाऱ्याने आपलं नाव आणि पत्ता मोठ्याने सांगायचा, ही तिथली शिस्त. मग समोर कुणी का असेना. व्हर्नाबाईंनी नवऱ्यालाही सोडलं नव्हतं. सकाळी ज्याला अंडी तळून घातली, त्यालाच त्या चष्म्यावरून बघत विचारायच्या, "नाव?" आणि तो बिचारा मुकाट सांगायचा. त्याला जाऊन अकरा वर्षं झाली. मुलगा डेन्व्हरला, त्याचा फोन नाताळात. एक वर्षाआड मे आणि नोव्हेंबर असे दोन दिवस गाव व्हर्नाबाईंपुढे येऊन बोलायचं. बाकीचे दिवस रेडिओ बोलायचा आणि त्या त्याला उत्तरं द्यायच्या.

डेल्मर विधुर. टेबल आवरलं की दर वेळी टोपी हातात घेऊन विचारायचा, "व्हर्ना, एक कप कॉफी?" आणि त्या दर वेळी म्हणायच्या, "पुढच्या वेळी बघू." शेजारी बसायचं ते सरकारी काम म्हणून, गाढववाल्याबरोबर कॉफी प्यायची म्हणजे गावाला आयतंच चघळायला देणं. सव्वीस वेळा त्याने विचारलं. विचारायचा तो थांबला नाही, हे मात्र खरं.

मे महिन्यात जो तो पक्ष आपला उमेदवार निवडतो. कचेरीत नावापुढे जो पक्ष लिहिलेला, त्याचीच मतपत्रिका हाती पडे: हत्तीवाल्यांना हत्तीची, गाढववाल्यांना गाढवाची. या काउंटीत मेमध्ये हत्तीवाल्यांत जिंकला, तो नोव्हेंबरात निवडून आलाच म्हणून समजा. गाढवाच्या मतपत्रिकेवर काउंटीच्या जागांपुढे नावंच नसायची. डेल्मर मत द्यायला आडोशाला जाई आणि मिनिटभरात परत येई.

"झालं इतक्यात?" व्हर्नाबाई टोमणा मारायच्या.

"माझं जेवण हलकं असतं," तो म्हणायचा.

फेब्रुवारीत डेल्मर गेला. मार्चमध्ये काउंटीचं पत्र आलं: एप्रिलअखेर दुसऱ्या पक्षाचं माणूस मिळालं नाही, तर हॅरो क्रीकचं टेबल बंद, मतदान एकतीस मैलांवरच्या मुख्य गावी. गावात अर्ध्या म्हाताऱ्यांनी गाडी चालवणं सोडलेलं. आणि व्हर्नाबाईंपुरतं बोलायचं तर, ते दोन दिवस गेले की त्यांच्याकडे उरणार होता तो रेडिओ.

त्यांनी डोकं चालवलं. मांस कारखान्यात काम करणारा बाउदिलियो शोल, मूळचा ग्वाटेमालाचा, गेल्याच वर्षी नागरिक झाला होता. व्हर्नाबाईंनी त्याचा अर्ज घरीच भरला, बरोबर रुबार्बचा केक घेतला आणि त्याच्या दारात हजर झाल्या.

बाउदिलियोने अर्ज दोनदा वाचला. बायकांना मानाने 'दोन्या' म्हणायची त्याच्याकडची रीत. "दोन्या व्हर्ना, हा भरला कुणी?"

"मीच. म्हटलं, तुमचा वेळ वाचेल."

"इथं गाढव लिहिलंय. मी तर हत्तीवाला आहे."

"तुम्ही?" त्यांच्या तोंडून निसटलंच.

आत ओट्याशी त्याची बायको फिस्सकन हसली. तो मात्र गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "नागरिक व्हायला मी शंभर प्रश्न पाठ केले. बाहेरून आलेला, शोल आडनावाचा माणूस कुठल्या पक्षाचा, हा त्यात नव्हता. तुम्ही विचारलं असतंत तर सांगितलं असतं."

व्हर्नाबाईंना जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"पण काम करीन मी," तो म्हणाला. "शपथ घेतली ती नुसता फोटो काढायला नाही. हत्तीची खुर्ची द्या, बसतो."

"त्या खुर्चीत मी आहे हो," त्या म्हणाल्या. केक तिथेच ठेवून त्या परत फिरल्या.

उरली डेल्मरची मुलगी, जोलीन. ओमाहाहून बापाचं घर रिकामं करायला आली होती. खोक्यांच्या मधून वाट काढत व्हर्नाबाईंनी तिला विचारलं, "तुझ्या वडिलांच्या पक्षाचं कुणी असेल का गं जवळपास?"

"बाबांच्या पक्षाचं? अख्खं गाव आहे की."

"म्हणजे?"

जोलीनने हातातली चिकटपट्टी खाली ठेवली. "मिसेस कुचेरा, बाबा जन्माचे हत्तीवाले. सव्वीस वर्षांपूर्वीही असंच टेबल बंद पडायला आलं होतं, गाढववाला मिळेना. ते म्हणाले, कुणीतरी जायला हवं, मी जातो. गेले आणि कागदावर पक्ष बदलून आले. काका त्यांच्याशी मरेपर्यंत बोलला नाही. तुम्हाला माहीत नव्हतं?"

"मला सांगितलं नाही कधी."

"म्हणायचे, व्हर्ना नियमाची पक्की आहे. तिला कळलं तर तीच कळवेल काउंटीला, की हा खरा गाढववाला नाही." जोलीन हसली. "तुमच्या कॉफीची मात्र फार वाट बघायचे."

व्हर्नाबाई गाडीत येऊन बसल्या. किल्ली हातात होती, पण बराच वेळ ती लावायचं सुचलं नाही. तेरा मे महिने तो त्या रिकाम्या मतपत्रिकेवर खुणा करत आला होता आणि आपण शेजारी बसून टोमणे मारत होतो. त्यांना रडू आलं. गाडीत कुणी बघणारं नव्हतं, म्हणून त्यांनी ते येऊ दिलं.

दुसऱ्याच दिवशी त्या काउंटीच्या कचेरीत गेल्या. खिडकीतली मुलगी म्हणाली, "नक्की ना? आणि यंदा तर तुमचा भाचा..."

"नक्की," व्हर्नाबाई म्हणाल्या आणि त्यांनी पक्ष बदलायच्या कागदावर सही केली.

टेबलाशी बसणाऱ्यांची नावं पक्षासकट दारावर लावतात. गावाने वाचली. संध्याकाळी धाकट्या बहिणीचा, आर्डिसचा फोन आला.

"कर्ट पहिल्यांदा हत्तीकडून उभा राहतोय. सख्खा भाचा तुझा, आणि तू गाढवावर जाऊन बसलीस? तुझं मत नाही त्याला?"

"टेबल राहायला हवं, आर्डिस. नाहीतर त्याला मत द्यायला एकतीस मैल कोण जाईल?"

"टेबलाचं सांगू नकोस. एकटी राहून डोकं फिरलंय तुझं." फोन आपटला. रविवारचं जेवण बहिणीकडे असायचं, तेही त्या दिवसापासून बंद झालं.

मेमधल्या त्या मंगळवारी बाउदिलियो इस्त्रीचा सदरा घालून उजव्या खुर्चीत बसला. व्हर्नाबाई डावीकडे. खुर्चीवर डेल्मरची गादी अजून तशीच होती. गाव आलं, नावं सांगून गेलं. काही जण त्यांच्याकडे न बघताच बोलले.

दुपारी आर्डिस आली. बहिणीसमोर रांग नव्हती, तरी ती उजवीकडे वळली. बाउदिलियोकडे बघत तिने मोठ्याने नाव सांगितलं, पत्ता सांगितला, मतपत्रिका घेतली. जातानाही मान वळवली नाही. व्हर्नाबाईंनी यादीत बहिणीच्या नावापुढे नीट खूण केली.

गर्दी ओसरल्यावर त्या स्वतः उठल्या. आडोशाला उभ्या राहून त्यांनी मतपत्रिका उलगडली. काउंटीच्या जागेपुढे, जिथे पलीकडच्या मतपत्रिकेवर कर्टचं नाव छापलं होतं, तिथे कोरी जागा होती. पेन्सिल टेकवायलासुद्धा काही नव्हतं. त्यांनी घडी घातली, पेटीत टाकली आणि परत येऊन गादीवर बसल्या.

बाउदिलियोने घड्याळाकडे बघितलं. "झालं इतक्यात, दोन्या व्हर्ना?"

त्यांनी चष्मा काढून पुसला.

"माझं जेवण हलकं असतं," त्या म्हणाल्या.