अक्काचं पाटाखालचं रान

अक्का गेली हे मला इंदापुरात कळलं. भाचीच्या साखरपुड्यासाठी मी माहेरी गेले होते. माहेरच्या घरी फोन नव्हता, म्हणून निरोप शेजारच्या किराणा दुकानात यायचा. दुकानवाले रशीदचाचा रस्त्यातूनच ओरडले, "पिंपळीचा फोन हाय, पळत या!" पिंपळी म्हणजे माझं सासर; पलीकडून आमचे हे बोलत होते. अक्का सकाळी रानातनं आली, उंबऱ्यात टेकली, पाणी मागितलं. तांब्या हातात देईपर्यंत मान कलली होती. एवढंच. मी फोन ठेवला आणि पहिल्यांदा काय आला असेल तर राग आला. अगं बाई, दोन दिवस थांबली असतीस तर तुझं काय बिघडलं असतं? एस.टी.त बसले तरी मनातल्या मनात तिच्याशी भांडतच होते. बारामती आली तेव्हा कुठं रडू फुटलं.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ, हिराबाई. जावा-जावांचं पटत नाही असं लोक म्हणतात. आमचंही रोज कुठं पटायचं? भाजीत मीठ जास्त झालं म्हणून आम्ही संध्याकाळपर्यंत अबोला धरलाय. पण माझी दोन्ही बाळंतपणं तिनंच काढली, आणि माझ्या आईनं घातलं नसतं इतकं तूप मला घातलं. मी लग्न होऊन आले ते नव्वदच्या आसपास. तालुक्याच्या गावातली मुलगी, हातात ट्रान्झिस्टर घेऊन आलेली. अक्कानं मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि म्हणाली, "आली बाई आमची तहसीलदारीण! शेण काढाय येतं का नुसत्या बातम्याच ऐकायच्या?" मी म्हटलं, "दोन्ही येतं." तेव्हापासून ती मला तहसीलदारीणच म्हणायची. माझं खरं नाव तिच्या तोंडून मी क्वचितच ऐकलं.

माझे थोरले दीर मी यायच्या आधीच वारले होते. अक्काला मूलबाळ नव्हतं. सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, वाटणी केली तेव्हा तिला पाटाखालचा दीड एकर तुकडा दिला. देताना आबांच्या मनात खोट नव्हती. एकेकाळी तेच आमचं सगळ्यात भारी रान, पाण्याजवळचं. पण उसावर ऊस घेऊन आणि वरून पाट झिरपून त्याची पार माती झाली होती... म्हणजे मातीच उरली नव्हती म्हणा ना! पावसात पाय घोट्यापर्यंत रुतायचा, उन्हात कुदळ मारली तर ठणकन् आवाज यायचा. वर पांढरं मीठ फुटलेलं. गावात अशा रानाला चोपण म्हणतात. ते बघून लोणी भापकरहून तिचा भाऊ दिनकरदादा आला आणि ओट्यावर बसून सरळ बोलला, "हिरे, मूल न्हाय, मालक न्हाय, रानात गवत उगवंना. कुणाच्या जिवावर ऱ्हातीस हितं? चल घरी." त्याचंही चुकत नव्हतं, बहिणीची काळजी होती त्याला. पण माहेरी जायचं म्हणजे भावजयीच्या चुलीपुढं मिंधेपणानं उरलेला जन्म काढायचा, हे अक्काला पुरतं ठाऊक होतं. ती म्हणाली, "जरा दम धर दादा. रान पिकलं तर ऱ्हाईन, न्हाय पिकलं तर मीच येईन पिशवी घेऊन." त्या दिवसापासून ते रान म्हणजे तिचं ह्या घरातलं राहणं, असा हिशेब झाला.

धैंचा हा शब्द आमच्या घरात माझ्या ट्रान्झिस्टरनं आणला. संध्याकाळी शेतीचा कार्यक्रम लागायचा. अक्का भाकरी थापता थापता ऐकायची आणि मधेच "गप गं!" म्हणून मलाच दटावायची. एकदा त्यात सांगितलं की चोपण रानात धैंचा पेरावा, कमरेएवढा होऊन फुलावर आला की तसाच नांगरून मातीत गाडावा, जमीन मोकळी होते. अक्काचा हात थांबला. परातीत भाकरी तशीच. "तहसीलदारणी," ती म्हणाली, "इंदापुरात बी मिळंल का?" मिळालं. पुढच्या खेपेला मी पिशवीभर आणलं. आमच्या ह्यांनी पाणी निघून जायला रानाच्या कडेनं चर खोदून दिला. मृगात अक्कानं बी फेकलं. रस्त्यानं जाणाऱ्या बायका थांबून विचारायच्या, "काय गं हिरे, काय पेरलंस?" ही सांगायची, "खत." त्या एकमेकींकडं बघायच्या आणि हसू दाबत पुढं जायच्या.

बऱ्याच ठिकाणी टकलं राहिली, पण जिथं उगवला तिथं झाडोरा माजला. हिरवागार! त्या पांढऱ्या रानात हिरवं बघायची डोळ्याला सवयच नव्हती. पिवळी फुलं दिसायला लागली तशी अक्कानं नांगराचं सांगून ठेवलं. आणि त्याच दुपारी ते झालं.

आमचं घर मूळचं मेंढरांचं. आबांच्या वडिलांपर्यंत मोठा कळप होता, पावसाळा संपला की कोकणात उतरायचा. पुढं कळप गेला, ऊस आला. पण आबांनी दहा-बारा मेंढरं ठेवली होती, म्हातारपणी सोबत म्हणून. आम्ही दोघी खुरपायला दुसरीकडं गेलो होतो. परत येऊन बघतो तर आबा बांधावर काठीला हनुवटी टेकवून मोठ्या समाधानानं उभे, आणि मेंढरं धैंच्यात! पाला सफाचट, शेंडे गायब, नुसत्या काड्या उभ्या. आबा म्हणाले, "अगं, गाडून तरी काय व्हनार? जित्राबाच्या पोटातनं गेलं तर लेंडीच व्हनार की. आपल्या घरानं आजवर हेच केलंय." मेंढरांत वाढलेल्या माणसाला कोवळा पाला समोर असताना जनावर उपाशी बांधणं जमणारच नव्हतं. त्यांना वाटलं आपण सुनेचं कामच सोपं केलं.

मला वाटलं अक्का आता आकांत मांडणार. मी असते तर मांडला असता. ती बांधावर मटकन् बसली. डोळ्यातनं पाणी वाहात होतं, पुसलं सुद्धा नाही. मग म्हणाली, "खरं हाय आबा. लेंडीच व्हनार. पर ती पडनार कुठं? तुमच्या मेंढरांच्या वाड्यात." आबांनी काठीवरची हनुवटी उचलली. "मग आता वाडा माझ्या रानात आणा," अक्का म्हणाली.

आबांनी तो शब्द असा मनाला लावून घेतला की काय सांगू! दुसऱ्या दिवशी पटका बांधून ते लोणी भापकरच्या बाजूला गेले. तिकडं त्यांच्या भावकीतले कळप अजून होते. येताना सगळा लवाजमा घेऊन आले. घोडी, कुत्री, कोकरं, मेंढरं कोंडायची जाळी, सगळं. आठवडाभर रोज जाळं थोडं थोडं पुढं सरकवत त्यांनी दीड एकर रानावर मेंढरं बसवून लेंडीखत पाडून घेतलं, आणि त्याबद्दल भावकीला जेवू घालायला आम्ही दोघींनी भाकऱ्यांचे ढीग थापले. अक्का हात भाजले तरी हसत होती. "तहसीलदारणी, एवढी पाहुणी तर माझ्या लग्नात बी नव्हती!"

तरी त्या वर्षी पीक म्हणावं असं आलं नाही. ज्वारी उगवली, पिवळी पडली. दिवाळीत दिनकरदादा आला, रान बघून आला आणि काही बोलला नाही. त्याच्या न बोलण्याची अक्काला जास्त धास्ती वाटायची.

दुसऱ्या साली धैंचा दाट आला, आणि या खेपेला आबा स्वतः काठी घेऊन राखण करत बसले. नांगर यायच्या दिवशी सकाळी अक्कानं मला रानात बोलावलं. हातात खण, नारळ, मूठभर गहू. म्हणाली, "फुलावरचं रान म्हंजी गरवार बाई. मोकळ्या हातानं त्यात नांगर घालवत न्हाय मला. तू ओटी भर." मी म्हटलं, "रान तुमचं, मी का भरू?" तिनं हातातला खण चाचपला. मग खालच्या आवाजात, "मला न्हाय चालत गं..." तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. विधवा बाईनं ओटी भरायची नाही ना! मी म्हटलं, "अक्का, रान काय तुमचं कपाळ बघतंय? त्याला तुमचेच हात माहीत हायत." तिनं एकदा घराकडं बघितलं. आबा लांब उभे होते. त्यांनी तोंड फिरवलं आणि बैलांच्या जुवाशी उगीच खटपट करत बसले. अक्कानं ओटी भरली. मग फळी फिरली, पिवळी फुलं आडवी झाली, मागनं नांगर चालला. ती पदराचं टोक दातात धरून नांगराच्या शेवटच्या तासापर्यंत बघत उभी होती.

गहू बरा आला. पण अक्काचं समाधान होईना. तिचा डोळा हरभऱ्यावर. "गहू काय, सोसतो. हरभऱ्याला खारट चालत न्हाय. त्यो आला तर रान फिरलं." पुन्हा धैंचा, पुन्हा नांगर, आणि मग हरभरा. रोज सकाळी ती ओळींतनं चालायची आणि मी ओट्यावरून तिची चाल बघून ओळखायचे, आज रोपं कशी आहेत ते. संक्रांतीनंतर दिनकरदादा आला. अक्कानं त्याला घरात घेतलंच नाही, तसाच रानात नेला. काट्याकुट्या पेटवून घाट्यांचा हावळा भाजला आणि त्याच्यापुढं ठेवला. तो सोलून खात राहिला, हात-तोंड काळं होईपर्यंत. मग माती मुठीत घेऊन दाबली, ती भुसभुशीत सुटली. म्हणाला, "हिरे, आता तुला चल म्हनायला तोंड न्हाय मला." अक्का म्हणाली, "म्हनू बी नगं. जाताना चार घाटे पोरास्नी घेऊन जा." मला आठवतं, मी घरात येऊन एकटीच नाचले. वेडेपणा नुसता!

पुढं आमच्या वरच्या रानाच्या कडेलाही पांढरं फुटायला लागलं. ह्यांना ऊस सोडवेना. एके दिवशी अक्का आपलं राखलेलं बी घेऊन आली आणि न विचारता फेकत सुटली. हे ओरडले, "वहिनी, ऊस लावायचाय तितं!" तर म्हणते, "लाव की, पुढल्या साली. रान कुठं पळून चाललंय?" आज आमचं वरचं रान तुळई-खांबासारखं आम्हाला धरून आहे, ते तिच्या त्या दांडगाईमुळं. तेव्हा आभार मानायचे राहिले. घरच्या माणसाचे कोण मानतं? आता मानते.

सावडायच्या दिवशी ह्यांनी राख नदीला न्यायला जीप सांगितली होती. आबा मागंच गेले, घरात मोठं माणूस दिनकरदादाच. आता पार थकलाय. तो काठी टेकत उठला आणि म्हणाला, "मी न्यायला आलो तवा ती हलली न्हाय. आता कुठं नेता तिला?" जीप माघारी गेली. राख आम्ही पाटाखालच्या रानात पसरली.

तिच्या खोलीत खुंटीवर एक शर्ट आहे, बाह्या लांब, पांढरा होता म्हणे कधीतरी. थोरल्या दिरांचा. रानात जाताना अक्का तो लुगड्यावर चढवायची. भांडीकुंडी, लुगडी वाटून झाली, त्या शर्टाला कुणी हात लावला नाही. परवा पाऊस झाला, वाफसा आला. पेरणीला माणूस मिळेना म्हणून मीच निघाले, आणि निघताना तो शर्ट अंगात घातला. मला ढगळ होतो. पाटाखालच्या रानात पाठमोरी बी फेकत होते. बांधावरून ह्यांची हाक आली, रोजच्यासारखी मोठ्यानं, "वहिनी, च्या आणलाय!"... आणि मग चूक ह्यांच्या ध्यानात आली असावी. किटली बांधावर ठेवल्याचा आवाज आला. मी वळले नाही. हातातली मूठ रानात टाकली आणि म्हटलं, "आले."