ऑन एअर गेलेलं खलास

हेडफोनच्या जुन्या फोमचा घामट वास आला, की दुबईच्या रेडिओवरची ती दुपार आठवते. मी फर्माईशीची गाणी लावायचे. कामगारांच्या तक्रारी ऑन एअर घ्यायच्या नाहीत, हा नियम. रास अल खोरच्या कामगार वस्तीतून एका कोकणी माणसाचा फोन थेट ऑन एअर आला. "ताई, भाऊ आजारी होता, तरी कंपनीने पासपोर्ट दिला नाही, गावाला सोडलं नाही. काल उन्हात पडला. खलास." इथे सगळे बोलणं संपवताना अरबीत 'खलास', म्हणजे 'बस, झालं' म्हणतात, तसंच ते मला वाटलं. सुटले बाई! "खलास? यल्ला, गाणं ऐकू या!" म्हणत मी हळदीचं नाचगाणं लावलं. ते वाजत असताना कानात त्याचा आवाज आला, "ताई, मेला म्हणतोय मी." ते मात्र मी ऑन एअर घेतलं नाही. रेडिओ कधीच सोडला. नियम अजून पाळतेय.